चढा षड्ज

आप्पासाहेब मगदुमांनी टेपरेकॉर्डर मांडीवर पालथा घेतला आणि त्यात एकेक सेल बसवू लागले. तात्या सबनीसांनी तोवर डोळे मिटून घेतले होते.

“अजून सुरू व्हायचंय, तात्या,” डॉक्टर कुंदाताई म्हणाल्या.

“ठाऊक आहे. मन स्वच्छ करतोय.”

“घोरू नका म्हणजे झालं. मागच्या खेपेला विलंबित संपेपर्यंत तुमचं मन फारच स्वच्छ झालं होतं.”

आप्पासाहेब हसले. माझ्या शेजारी माझी थोरली बहीण बसली होती, ती हसली नाही. ती भिंतीला पाठ न टेकता ताठ बसली होती आणि कॅसेटच्या रिकाम्या डबीकडे बघत होती.

आमचं गाव यंत्रमागांचं. एरवी घरातल्या घरात बोलायचं तरी आवाज चढवावा लागे. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची. त्या दिवशी माग थांबत आणि गावात काही ऐकण्याजोगी शांतता होई. म्हणून श्रोते मंडळाची बैठक त्याच दिवशी सकाळी, आप्पासाहेबांच्या माडीवर भरत असे. शांतता होती तेव्हा वीज नसे, त्यामुळे टेप सेलवर चाले. आप्पासाहेब स्वतः मागवाले. आठवडाभर ज्या खडखडाटावर पोट भरायचं, त्याचाच एक दिवस कंटाळा करायचा, असा त्यांचा हिशेब.

मंडळाचे नियम दोनच. टेप चालू असताना कुणी ‘वा’सुद्धा म्हणायचं नाही, कारण एका ‘वा’खाली पुढचे दोन स्वर बुडतात. आणि टेप संपल्यावर खडीसाखरेची वाटी फिरायची. वाटी हातात येईल त्याने काय वाटलं ते सांगायचं, एक खडा तोंडात टाकायचा आणि वाटी पुढे द्यायची. वाटी हातात नसताना मध्ये बोलायचं नाही, हे तात्या सोडून एरवी सगळे पाळत.

त्या दिवशी माणसं थोडी होती. मागवाले आप्पासाहेब, निवृत्त हेडमास्तर आणि मंडळाचे चिटणीस तात्या, कुंदाताई, मी आणि अक्का. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. गाण्यातलं मला फार कळत नसे. अक्काबरोबर जायचं म्हणून जात असे. अक्का म्हणजे शालन बावडेकर. मनोरमाबाई नेसरीकरांची शिष्या म्हणूनच गाव तिला ओळखायचं.

बाईंची नवी कॅसेट आली होती. बाई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या आणि कित्येक वर्षांत मैफलीत गायल्या नव्हत्या. आवाज गेला, असं लोक दबक्या आवाजात म्हणत. अशात एका कंपनीने त्यांना पुण्याला नेऊन गायला लावलं होतं. अक्का तंबोऱ्याला सोबत गेली होती. कॅसेटच्या वेष्टनावर बाईंचा जुना, काळ्या केसांचा फोटो होता आणि आतल्या घडीत बारीक अक्षरांत छापलं होतं: तंबोरा – शालन बावडेकर.

“तुम्ही होतात ना तिथे?” कुंदाताईंनी अक्काला विचारलं. “कसं झालंय?”

“मीही अजून ऐकलेलं नाही. आता ऐकूच की.”

“नाही, पण अंदाज तरी?”

“तिथे काही कळत नाही, कुंदाताई. तुकड्या-तुकड्यांत घेतात.”

तात्यांनी एक डोळा उघडला. “शालनताई, आज आपला तोही विषय आहे बरं का. बाईंचं ऐकू, फेरी होऊ दे, मग डिसेंबरचं जाहीर करून टाकतो.”

अक्काने मान हलवली. डिसेंबरचं म्हणजे मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचा कार्यक्रम. पंधरवड्यापूर्वी तात्या आमच्याकडे येऊन, पोहे खाऊन, सांगून गेले होते की बाई तर आता गात नाहीत, तेव्हा तो मान शिष्येचा. तो शब्द ऐकल्यावर अक्का आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नव्हती. तिने पन्नाशी ओलांडली होती. तरुण वयात बाईंकडे गेली ती तिथलीच झाली. तंबोरे लावायचे, बॅगा उचलायच्या, गाडीत बाईंच्या उशाशी बसायचं, आणि मैफलीत त्यांच्या मागे बसून जिथे त्या श्वास घेतील तिथे धागा धरून ठेवायचा. पुढे बसून, स्वतःच्या नावावर, ती एकदाही गायली नव्हती. पंधरा दिवस मी तिला स्वयंपाकघरात, गच्चीवर, कपडे वाळत घालताना डिसेंबरसाठी काय गायचं ते ठरवताना बघत होते. तोंडाने ती काही बोलत नव्हती, पण ओठ हलत असत.

आप्पासाहेबांनी कळ दाबली.

राग जौनपुरी होता. तंबोऱ्याचा झंकार खोलीत पसरला आणि बाईंचा आवाज आला. तो म्हातारा झाला होता, हे मलासुद्धा कळलं. स्वर जागेवर होता, पण त्याला कडेने बारीक चिरा गेल्या होत्या. तात्यांच्या कपाळावर आठी पडली. बाई खालीच रेंगाळत होत्या, पुन्हा पुन्हा मध्य सप्तकात फिरत होत्या, आणि खोलीत सगळ्यांनाच थोडं संकोचल्यासारखं झालं होतं, जणू आजारी माणसाच्या खोलीत न विचारता शिरलो होतो.

मग आवाज वर गेला. पंचम, धैवत, निषाद, आणि तार षड्जावर जाऊन उभा राहिला. त्याला चीर नव्हती. बाईंचाच तो, त्यांचा तो किंचित नाकातून सुटणारा, टोकाला धार असलेला आकार. आप्पासाहेबांचा हात वर गेला आणि नियम आठवून तसाच खाली आला. तात्यांनी डोळे उघडले.

मला एक वेगळीच गोष्ट ऐकू येत होती. आवाज वर गेला की तंबोरा जवळ येत होता. खाली आला की पुन्हा लांब जात होता. आधी वाटलं सेल उतरले असतील. पण गायिका कधी वर जाणार हे सेलना कळत नाही. मी अक्काकडे पाहिलं. गाणं ऐकताना तिची बोटं नेहमी मांडीवर ताल धरतात. तिचे दोन्ही हात पदराखाली होते.

द्रुताच्या शेवटी तो वरचा षड्ज खूप लांब धरला होता. तो सुटला आणि टेप खट्कन थांबला. मग कुंदाताईंनी पदराने डोळे टिपले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाळंतपणं करणारी बाई, तिला कशाचं काही वाटत नसे.

वाटी आधी आप्पासाहेबांकडे गेली.

“काय बोलायचं हो आता,” ते म्हणाले. “आवाज गेला म्हणत होती माणसं. ह्या टेपनं त्यांची तोंडं बंद केली. मला दुसरं काय कळत नाही.” त्यांनी खडा तोंडात टाकला.

कुंदाताई म्हणाल्या, “मी डॉक्टर म्हणून सांगते. या वयात स्वरयंत्राचे स्नायू सैल पडतात. खालचं थोडं राहतं, वरचं आधी जातं. इथे खालचं गेलंय आणि वरचं राहिलंय. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आज एक पुस्तक खोटं ठरलं एवढंच म्हणते.”

तात्यांनी वाटी दोन्ही हातांत घेतली. याच क्षणासाठी ते मंडळात होते.

“तुम्ही दोघांनी ऐकलं, पण पाहिलं नाही,” ते म्हणाले. “मध्य सप्तकात बाई सत्तरीच्या आहेत. त्या लपवतच नाहीत. आणि जसजशा वर जातात तसतशा तरुण होत जातात. पंचमावर साठीच्या, निषादावर पन्नाशीच्या, आणि षड्जावर तिशीच्या. हे वय नव्हे, आप्पासाहेब. ही रचना आहे. आधी मुद्दाम थकलेला स्वर लावायचा, म्हणजे पुढची झेप दिसते. सबंध आयुष्य उलटं चालून दाखवलंय बाईंनी. हे सुचायला माणूस केवढा मोठा लागतो.”

“हे माझ्या ध्यानातच आलं नाही,” आप्पासाहेब म्हणाले.

“पुन्हा ऐका. आणि आता डिसेंबरचा प्रश्न उरलाच कुठे? असा गळा शाबूत असताना आपण दुसरीकडे बघणं हा त्यांचा अपमान होईल. रौप्यमहोत्सवाला बाईच.”

आप्पासाहेबांनी अवघडून अक्काकडे पाहिलं. “शालनताई समजून घेतील. आं? तुमचं काय, तुम्ही घरच्याच. पुढच्या वर्षी बघू की.”

“हो,” अक्का म्हणाली.

वाटी माझ्याकडे आली होती. मला खूप बोलायचं होतं, पण त्यातलं गाण्याबद्दल काहीच नव्हतं. अक्काने माझ्याकडे न बघता वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

“चांगलं झालंय,” ती म्हणाली. “फक्त द्रुताच्या शेवटी जो षड्ज धरलाय तो चढा आहे.”

खोलीत कुणीतरी खडा चावला, तो आवाज ऐकू आला.

“काय आहे?” तात्यांनी विचारलं.

“चढा. तंबोऱ्याच्या वर गेलाय. थोडाच, पण गेलाय. घाईत लागलाय तो. आधीच्या तानेत श्वास संपला होता, म्हणून जोर लावून धरलाय.”

“सेल उतरले असतील,” आप्पासाहेब घाईने म्हणाले. “जुनेच घातलेत मी. त्यानं काय होत असेल. नलूताई, तुम्ही शिकवता हे. सांगा की.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. “सेल उतरले तर मोटर मंद होते,” मी म्हणाले. “सूर खाली येतो, वर जात नाही. आणि सगळंच खाली येतं, तंबोरा धरून. एकटा आवाज सरकत नाही.”

मला वाटलं होतं की मी अक्काच्या बाजूने बोलतेय. तात्यांचा चेहरा उतरला नाही, कडक झाला.

“म्हणजे दोघी बहिणींच्या मते बाई बेसूर आहेत.”

“बेसूर नाही म्हटलं,” अक्का म्हणाली. “तेवढा एक स्वर चढा आहे.”

“शालनताई, तुम्ही इतकी वर्षं त्या बाईंचं मीठ खाल्लंत. आम्ही परके लोक इथे डोळे पुसतोय, आणि तुम्ही त्या एका स्वराला नख लावून बघताय. मी शाळेत होतो, मला मुलांचे चेहरे वाचता येतात. डिसेंबर हातचा गेला हे तुम्हाला झोंबलेलं दिसतंय.”

“तात्या,” कुंदाताई म्हणाल्या, “वाटी त्यांच्या हातात आहे.”

“असू दे.”

अक्काने एक खडा उचलून तोंडात टाकला, वाटी आप्पासाहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि उठली. “बाई वाट बघत असतील,” ती म्हणाली. “मंडळी काय म्हणाली ते सांगायला जायचंय मला.”

ही बाईंची जुनी पद्धत. मैफल असो, रेडिओवरचा कार्यक्रम असो, लोक काय म्हणाले ते अक्काने येऊन शब्दन् शब्द सांगायचं. मीही तिच्याबरोबर निघाले.

ऊन चढलं होतं. रस्त्यात माणूस नव्हतं. वीज नसली की सगळं गाव दाराशी खाटा टाकून पडलेलं असे. अक्का सावलीतून न चालता रस्त्याच्या मधूनच चालत होती, सवयीने चालल्यासारखी. कोपऱ्यावर आल्यावर मी विचारलं, “पुण्याला बाईंच्या पुढे किती माइक होते?”

“एक.”

“खोलीत?”

ती चालतच राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “एक माझ्यापुढे होता.”

“वरचा आवाज तंबोऱ्याच्या जवळचा आहे,” मी म्हणाले. “खालचा लांबचा आहे. तंबोरा तू धरला होतास.”

“तुला कळलं तर.”

“आत्ता कळलं. आवाजावरून नाही कळलं.”

“नाही कळायचं,” ती म्हणाली. त्यात अभिमान नव्हता, तक्रारही नव्हती.

मी तिची बहीण. तिचा रियाझ ऐकत मी लहानाची मोठी झाले, त्या आवाजात परीक्षांचे अभ्यास केले. आणि माडीवर बसून तो आवाज मी बाईंचा म्हणून ऐकला होता.

चालता चालता तिने थोडक्यात सांगितलं. पहिल्या दिवशी बाई गायल्या ते पंचमाच्या वर जाईना. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला पोरगा पुन्हा पुन्हा घ्यायला सांगत होता. कंपनीचा माणूस येऊन गेला. दुसऱ्या दिवशी बाई मागे वळून एवढंच म्हणाल्या, शालन, वरचं तू घे. मैफलीतही त्या असंच म्हणत. फरक इतकाच की मैफलीत माणसं दोघींना बघत असतात.

“मग गप्प बसायचं होतंस आज,” मी म्हणाले. “तुझाच होता ना तो षड्ज? त्याला कशाला नाव ठेवलंस?”

“माझा होता म्हणून ठेवलं. बाईंचा असता तर माझी जीभ रेटली असती का?”

“परत चल. मी सांगते त्यांना.”

“काय सांगणार?”

“खरं काय ते. की ज्याच्यासाठी त्यांनी तुला डावललं तो तुझाच आवाज आहे.”

अक्का थांबली. घामाने तिचं कुंकू पसरलं होतं. “आणि मग? ते म्हणतील, अगदी हुबेहूब बाईंसारखी गाते. चला, डिसेंबर हिला द्या. तसा घेऊ मी?”

ती पुन्हा चालायला लागली.

बाई बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसल्या होत्या, हातात पुठ्ठ्याचा पंखा. जेवण उरकलेलं होतं, तरी त्या आडव्या झाल्या नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, “नलीपण आलीय. ये. आतून पाणी घ्या दोघी. मडक्यातलं घ्या, ते गार आहे. हं, सांग आता. कोण काय म्हणालं?”

अक्का त्यांच्या पायाशी जाजमावर बसली आणि तिने सांगितलं. आप्पासाहेबांचं, कुंदाताईंचं, सगळं जसंच्या तसं. स्वतःच्या आवाजाचं कौतुक ती बाईंना नेऊन पोचवत होती, आणि बाई पंखा हलवत एकेक शब्द घेत होत्या. कुंदाताईंच्या पुस्तकाचं ऐकून त्या हसल्या. तात्यांची सत्तरी, साठी, पन्नाशी ऐकून त्यांनी पंखा थांबवला.

“हे म्हणाला सबनीस?”

“हो.”

“बोलतो छान. शाळेतही असाच बोलत असेल. पोरं गणितात नापास होत असतील.” मग जरा थांबून म्हणाल्या, “त्याचा फोन येऊन गेला मघाशी. तुम्ही वाटेत असाल.”

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं.

“डिसेंबरला बोलावतायत. हो म्हटलंय मी. आणि म्हणाला, तुमच्या शिष्येने भर बैठकीत तुमच्या षड्जाला नाव ठेवलं.”

“ठेवलं.”

“चढा म्हणालीस?”

“हो.”

मला वाटत होतं, आता त्या रागावतील, किंवा रडतील, किंवा खरंच त्यांना तो आपला वाटत असेल तर मला ते बघावं लागेल.

“चढाच आहे,” बाई म्हणाल्या. “तिथल्या तिथे सांगितलं होतं तुला, परत घे म्हणून. तू म्हणालीस, बाई, राहू द्या, तो पोरगा कंटाळलाय. आता जन्मभर तसाच वाजणार तो. तान आखूड केली असतीस तर श्वास उरला असता. किती वेळा सांगितलंय.”

“चुकलं,” अक्का म्हणाली.

“डिसेंबरला चुकवू नकोस. जौनपुरी नको, संध्याकाळ असणार. पूरिया धनाश्री घेऊ. खालचं मी बघते. वर जायचं झालं की मी तुझ्याकडे वळेन. तंबोरे जरा पुढे लावायचे, म्हणजे कोण काय गातंय ते...” त्या पंख्याने वारा घेत बोलत होत्या, जुना बेत पुन्हा मांडावा तशा. “तुझं नावही घालू पत्रिकेत. स्वरसाथ म्हणून. तंबोरा नको, स्वरसाथ.”

“मी येणार नाही, बाई.”

“कुठे?”

“डिसेंबरला. मागे बसायला.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. “रागावलीस? त्या सबनीसावर? त्याचं काय मनावर घेतेस.”

“रागावले नाही. दमले.”

“डिसेंबरला अवकाश आहे अजून. तोवर आराम कर. कशाने दमलीस एवढी?”

अक्का जाजमाची कड बोटांनी सरळ करत होती. ती म्हणाली, “तुमच्यासारखं गाऊन.”

बाईंचा पंखा मांडीवर पडला. मला वाटलं त्या काहीतरी लागेलसं बोलतील. त्यांच्या जिभेची गावाला माहिती होती. पण त्या बराच वेळ अक्काच्या गळ्याकडे बघत राहिल्या, डॉक्टर बघतो तसं.

“मग कसं गाणार आता?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“तू आलीस तेव्हा तुझा गळा खालचा होता,” बाई म्हणाल्या. “जाड होता. काळी तीनच्या पट्टीचा. मी तुला वर, माझ्या काळी पाचात आणलं. सहा महिने रडत होतीस, घसा सुजायचा.” त्या थांबल्या. “मुद्दाम नाही केलं. घरात तंबोऱ्यांची जोडी एकच. रोज उठून दोन पट्ट्या कोण लावत बसणार? मला गायचं असायचं.”

“हो. मला आठवतंय.”

“आठवतंय? मग बोलली का नाहीस कधी?”

“तुमच्या पट्टीत गाता आलं की तुम्ही खूश व्हायच्या.”

बाईंनी मान वळवली. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं चारपाच वेळा उघडली आणि मिटली. “आता या वयात पट्टी उतरवायची म्हणजे सगळं पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या. “हाती काही लागेलच असं नाही. आवाज दोन्हीकडचा जाईल. ना माझा राहील, ना तुझा मिळेल.”

“जाऊ दे.”

“आणि मी? सबनीसाला हो म्हटलंय मी.”

अक्का उठली. तिने बाईंच्या मांडीवरचा पंखा उचलून त्यांच्या हातात दिला. “त्यांना कळवा, घसा बसलाय म्हणून,” ती म्हणाली. “तेवढं तरी मी सांगणार नाही, बाई. तुम्हीच सांगा.”

तिने दाराशी चपला घातल्या. बाईंनी तिला थांबवलं नाही. पायरी उतरताना मी मागे बघितलं. त्या पंखा हातात धरून तशाच बसल्या होत्या, वारा न घेता.

बाईंनी पुढे दम्याचं निमित्त सांगितलं. डिसेंबरला मंडळाने बाहेरगावचा सतारवादक बोलावला. त्या कॅसेटचं नाव मात्र अजून निघतं. बाईंच्या उतारवयातलं शिखर म्हणून लोक ती ऐकवतात, आणि बाई गेल्या तेव्हा एका शोकसभेत तात्यांनी ते उलटं चाललेलं आयुष्य पुन्हा सांगितलं. अक्का तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि तिने कुणाला विचारलंही नाही.

पण माडीवरच्या त्या बैठकीनंतर वर्षभरात तिने मिरजेहून एक तंबोरा आणला आणि खालच्या पट्टीत लावला. सुरुवातीचे महिने वाईट होते. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. आवाज कुठेच बसेना. मध्येच तो जुना धारदार आकार यायचा आणि ती गाणं थांबवून तंबोरा खाली ठेवायची. काही दिवस ती गायलीच नाही. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत असे. तिचं थांबणं ऐकून मीही थांबत असे, आणि काही विचारत नसे.

एका दुपारी ती गात होती आणि मी नेहमीसारखी पेपर बघत होते. वरच्या षड्जावर ती गेली नाही. खालीच, अगदी सावकाश, कुठल्याशा स्वरावर थांबून राहिली होती. तो आवाज जाड होता, थोडा खरखरीत. मग ती थांबली आणि तिथूनच तिने हाक मारली.

“नले.”

“काय?”

“आत्ताचा आवाज कुणाचा वाटला?”

मी पेन खाली ठेवलं. विचार केला. तिला बरं वाटावं म्हणून काही सांगणं बरोबर झालं नसतं.

“नाही ओळखता आला,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. आणि तंबोरा पुन्हा वाजू लागला.